शुक्रवारचा मंगळवार

पंचांगाची अंगे पाच. त्यांत तिथीचा क्षय होतो, वृद्धीही होते. वाराला मात्र दोन्ही ठाऊक नाहीत. रविवारामागून सोमवार यायचा म्हणजे यायचाच! म्हणून जुन्या कागदाचा काळ ठरवताना इतिहास-संशोधक तिथीशेजारचा वार आवर्जून पाहतात. दोहोंचा मेळ बसला तर कागदावर भरवसा वाढतो. न बसला तर नकलकाराची डुलकी किंवा कोणाची लबाडी शोधावी लागते.

अशा ह्या वारालाच आता संगणकाने खोटे पाडावे, ही मौज पाहा. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शिवजन्माची नोंद आहे : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. तिची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. माझ्या वर्गातल्या एका चुणचुणीत मुलाने ही तारीख वडिलांच्या फोनमध्ये घालून पाहिली. उत्तर आले, मंगळवार! "गुरुजी, मग शकावली चुकली का हो?" त्याने विचारले, आणि सारा वर्ग माझ्या तोंडाकडे पाहू लागला.

शकावली चुकलेली नाही. फोनचे गणितही चुकलेले नाही. त्याला इतिहास तेवढा कोणी सांगितलेला नाही.

युरोपातले जुने ज्यूलियन वर्ष खऱ्या सौरवर्षाहून सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. ती मिनिटे शतकानुशतके साठत गेली, तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली गुरुवार ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार १५ ऑक्टोबर मानण्याची आज्ञा केली. दहा तारखा गळाल्या, पण वार एकही गळाला नाही! पोर्तुगालने ही गणना तत्काळ स्वीकारली. इंग्लंडने मात्र पोपचे ऐकायला १७५२ साल उजाडू दिले. तिथे बुधवार २ सप्टेंबरनंतर एकदम गुरुवार १४ सप्टेंबर आला.

ह्या भांडणाची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली होती. १६८० साली माहीमला इंग्रज आणि खाडीपलीकडे वांद्र्याला पोर्तुगीज. शिवाजी महाराजांनी रायगडावर देह ठेवला त्या चैत्र पौर्णिमेला माहीमला ३ एप्रिल होती, तर वांद्र्याला १३ एप्रिल. वार मात्र दोन्ही काठांवर एकच, शनिवार.

आता कोडे सुटते. १९ फेब्रुवारी ही जुन्या इंग्रजी गणनेची तारीख. नव्या गणनेने तोच दिवस १ मार्च १६३०. फोन सगळ्या शतकांना नवीच गणना लावतो, म्हणून तो जन्मदिवसाच्या दहा दिवस आधीच्या भलत्याच दिवसाचा वार सांगतो.

यावर उपाय काय? वारांची पाटी तीन घरे सरकवावी, तर आजचे वार बिघडतील. शहाण्या कारागिरांनी निराळी वाट धरली. युनिक्स प्रणालीतल्या 'कॅल' नावाच्या जुन्या आज्ञेत १७५२ चा इंग्रजी बदल मुळातच बसवलेला आहे. तिला फेब्रुवारी १६३० विचारा, ती १९ तारखेखाली निमूटपणे शुक्रवार दाखवते. तिचे भावंड 'एनकॅल' याच्याजवळ तर देशोदेशींच्या बदलांचा तक्ताच आहे. जावा ह्या संगणक-भाषेत १५८२ हे साल गृहीत धरलेले असते, पण कार्यक्रम लिहिणाऱ्याला ते बदलता येते. तात्पर्य, तारखेबरोबर ती कोणाच्या गणनेची, हेही यंत्राला सांगावे लागते.

आणि जिथे सांगता येत नाही, तिथे आपल्या पूर्वजांची रीत बरी. घरातल्या जुन्या कागदाची नक्कल कराल, तेव्हा तिथीपुढचा वार गाळू नका. तो जागेवर असला, तर चुकलेली तारीख आज ना उद्या सापडते. तो पुसला गेला, तर फोन म्हणेल तेच खरे मानण्याची पाळी आपल्या नातवंडांवर येईल.

त्या मुलाला मी १ मार्च १६३० घालायला सांगितले. त्याने घातले, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचले, "शुक्रवार!"