पाकट मासा आणि घरांतील समुद्र

दिवाणखान्यांत समुद्र आणून ठेवण्याची हौस फार जुनी नाहीं. सिसिली बेटावरील मेसिना शहरीं झान विल्प्रू-पॉवर ह्या विदुषीनें १८३२ सालीं सागरी प्राण्यांचें जिवंतपणीं निरीक्षण करतां यावें म्हणून कांचेच्या पेट्या करवून घेतल्या. तो शास्त्राचा उद्योग होता. हौसेचें रूप त्यास इंग्लंडांत आलें. १८४५ सालीं तेथील कांचेवरील कर उठला व कांच स्वस्त झाली. १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें मासे, गोगलगायी व पाणवनस्पती एकत्र ठेविल्यास पाणी बराच काळ निर्मळ राहतें, हें दाखवून दिलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि त्यासाठीं झटणाऱ्या फिलिप हेन्री गॉस ह्यांनीं पुढील वर्षीं ग्रंथ लिहून हें वेड घरोघर पोहोंचविलें.

समुद्रापासून दूर राहणारांची अडचण गॉसनीं ओळखली होती. साधें मीठ, एप्सम सॉल्ट आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम ह्यांचीं क्लोराइडें असे चार क्षार गोड्या पाण्यांत विरघळवून त्यांनीं कृत्रिम समुद्रजल सिद्ध केलें. मुंबईहून लोहमार्गानें सुमारें साडेचारशें किलोमीटर आंत, तापीच्या खोऱ्यांत वसलेल्या वरणगांवीं आज कोणास खाऱ्या पाण्याची टाकी मांडतां येईल, ती ह्याच युक्तीच्या जोरावर. क्षारांचें मिश्रण मात्र आतां अधिक काटेकोर झालें आहे. स्वयंपाकघरांतील मिठावर काम भागत नाहीं. मिठागरांत खडे बांधले जातात तेव्हां मॅग्नेशियमचे क्षार बव्हंशीं मागें उरलेल्या कडू पाण्यांत राहून जातात.

पण गॉसच्या काळच्या टाक्यांत होतें काय? समुद्रफुलें, लहान खेकडे, खडकांच्या डबक्यांत सांपडणारे बोटभर मासे. हे जीव मुळांत डबक्यांतलेच. त्यांस कांचेची पेटी फारशी परकी नव्हती. आपल्या कोळीवाड्यांत ज्यास पाकट म्हणतात, त्या चपट्या, चाबकासारख्या शेपटीच्या माशाची गोष्ट निराळी आहे. बाजारांत ताटलीएवढें पिल्लूं पाहून एखाद्यास मोह पडतो, आणि येथेंच हिशेब चुकतो.

पाकटाच्या अंगांत हाड नाहीं, सर्व सांगाडा कूर्चेचा. ह्या बाबतींत तो मुशीचा सगोत्र. दिवसाचा बराच वेळ तो वाळू अंगावर ओढून पडून राहतो व डोळ्यांमागील छिद्रांतून पाणी ओढून श्वास घेतो. म्हणून त्यास पाण्याच्या उंचीपेक्षां तळाचा विस्तार अधिक हवा, आणि तोही मऊ वाळूचा. खडे टोंचले कीं पोटाखालची कातडी सोलवटते. हौशी मंडळींस आवडणारा निळ्या ठिपक्यांचा पाकट रुंदीला फुटाभराच्या आसपास वाढतो, तरी बंदिवासांत तो बहुधा अन्न टाकतो असा अनुभव आहे. इतर कित्येक जाती तर मीटरभराहून रुंद होतात.

लहान जातीच्या एकाच पाकटासाठीं अडीच मीटर लांब, सव्वा मीटर रुंद व साठ सेंटिमीटर खोल टाकी धरूं. तींत १८७५ लिटर पाणी राहील. दर लिटरास ३५ ग्रॅम ह्या प्रमाणानें साडेपासष्ट किलो क्षार लागतील, आणि पाण्याचें ओझें जवळजवळ दोन टन होईल. माडीवरच्या खोलींत असें ओझें ठेवण्यापूर्वीं घर बांधणारासच विचारलेलें बरें! एवढें करून पाणी भरलें, तरी तें लगेच राहण्याजोगें होत नाहीं. वॉरिंग्टनचा भरंवसा वनस्पतींवर होता. अमोनियाचें रूपांतर करणारे खरे कामकरी जिवाणू असतात, हें १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की ह्यांच्या संशोधनानें स्पष्ट झालें. त्यांची वस्ती जमण्यास कित्येक आठवडे लागतात. खेकडे-कोळंबी खाणारा पाकट मात्र पहिल्या दिवसापासून पाणी दूषित करूं लागतो. इतर मत्स्यरोगांवर चालणारीं तांब्याचीं औषधें ह्याच्या जिवावर बेततात.

खानदेशचा उन्हाळा ही आणखी एक परीक्षा. वैशाखांत पारा ४५ अंशांवर गेला कीं टाकींतील पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात व खारटपणा चढतो. तेथें खारें नव्हे, शुद्ध गोडें पाणीच घालावें लागतें. तापलेल्या पाण्यांत प्राणवायूही कमी विरघळतो. वीज गेली कीं टाकी थंड ठेवणारें यंत्र व पाणी फिरविणारा पंप दोन्ही थांबतात.

शेपटीवरच्या विषारी कांट्याबद्दल मात्र अवास्तव भीति नको. पाकट आपण होऊन हल्ला करीत नाहीं. तो दबला वा घाबरला तर शेपटी उगारतो. तथापि टाकी साफ करणारा हात नेमका त्याच्या अंगाशीं जातो. डंख झाल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यांत तो भाग बुडवावा, कारण हें विष उष्णतेनें निकामी होतें. आणि विलंब न लावतां वैद्यकीय मदत घ्यावी. २००६ सालीं ऑस्ट्रेलियांत स्टीव्ह अर्विन ह्या वन्यजीव-चित्रपटकारास छातींत कांटा लागून मरण आलें, पण तशी घटना विरळाच.

संस्थांचा इतिहासही ह्याच बाजूनें बोलतो. मद्रासचें मत्स्यालय १९०९ सालीं उघडलें, तें समुद्रकांठीं. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्तें उघडलें, तें मरीन ड्राइव्हवर. तेथें प्रेक्षकांनीं पाकट पाहिले ते प्रशस्त टाक्यांत, आणि देखरेखीस पगारी माणसें होतीं.

समुद्र नको, गोडें पाणीच बरें, असें म्हणून कोणी दक्षिण अमेरिकेंतील नद्यांचे पाकट आणवितात. क्षारांचा खर्च वांचतो खरा. कांटा आणि रुंदी दोन्ही कायम राहतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत २००१ पासून गंगेंतील पाकटासारख्या कांहीं जाती आहेत. तेव्हां विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबूं नये.

ज्यास समुद्राची हौस आहेच, त्यानें केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें ज्याची पैदास साधली आहे तो विदूषक मासा पाहावा. तो बोटभर लांबीचा, पैदाशींतला असल्यास टाकींतच जन्मलेला व समुद्रफुलाशेजारीं रमणारा. त्याच्या जोडीस दोनशें लिटर पाणी व सात किलो क्षार पुरतात.