सर्पगंधा आणि काकांचा हात

पेठच्या आमच्या घरात काकांच्या हातातला कप थरथरतो. हॅलोपेरिडॉलने त्यांना ऐकू येणारे आवाज थांबले, पण चाल आखडली. काकू विचारतात, "गोळी बंदच करू का रे?"

उत्तर शोधताना मी सर्पगंधेपर्यंत पोचलो. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचा उन्मादावरचा आणि रक्तदाबावरचा उपयोग नोंदवला. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांच्या रक्तदाबावरील लेखाने ती जगभर पोचली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसरपिन वेगळं काढलं गेलं आणि लवकरच ते मनोरुग्णांना मिळू लागलं. रुग्ण शांत झाले, काही आखडलेही.

१९५७ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी रिसरपिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा दिलं. ससे हलू लागले. रिसरपिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं. हॅलोपेरिडॉल डोपामिनची वाट अडवतं. आवाज शमतात आणि हात कापतो, तो त्या एकाच अडवणुकीने.

काकूंना म्हटलं, "एकाएकी बंद करू नका, आजार उलटेल. पण थरथर डॉक्टरांना सांगायचीच. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं."

सोमवारी आम्ही तिघं नाशिकला जातोय. बोलणार काकाच आहेत.