डब्यामागची बारीक अक्षरे

केंब्रिजमधल्या कुठल्याही सुपरमार्केटात मांजराच्या खाण्याचा स्वस्तातला डबा हातात घेऊन मागची बारीक अक्षरे वाचली, तर बहुधा अशी ओळ सापडते : मांस आणि प्राणिजन्य पदार्थ (पैकी कोंबडी ४ टक्के), धान्ये, खनिजे, साखर. पुढच्या बाजूला मात्र भाजलेल्या कोंबडीचे चित्र असते आणि 'विथ चिकन' ही ठळक अक्षरे. कायद्याने यात काही गैर नाही. ब्रिटनमध्ये आणि युरोपात या शब्दांची मापे ठरलेली आहेत. नुसता 'चिकन फ्लेवर' असेल तर कोंबडी चार टक्क्यांहून कमी चालते. 'विथ चिकन'ला किमान ४, 'रिच इन चिकन'ला १४ आणि 'चिकन डिनर'ला २६ टक्के लागते. उरलेले मांस दुसऱ्या जनावराचे असू शकते आणि घाण्यागणिक बदलूही शकते.

हे पहिल्यांदा समजते तेव्हा काही जण तो डबा परत ठेवतात आणि चौपट किमतीचा, क्रॅनबेरी नि रताळ्याची चित्रे असलेला डबा उचलतात. काही जण म्हणतात, मांजरच ते, त्याला काय कळतेय. या दोन्ही प्रकारच्या वाचकांचे मार्जारपोषणाच्या शास्त्रात स्वागत आहे. या प्रस्तावनेपुरते माझे म्हणणे एवढेच, की घटकांची यादी हा साक्षीपुरावा आहे, आणि साक्षीदाराला काय ठाऊक असू शकते व काय असू शकत नाही हे आधी समजून घेतले पाहिजे. माल कुठून आला ते यादी सांगते. मांजराच्या शरीराला मात्र त्यातून काय मिळाले याच्याशीच कर्तव्य असते.

हा फरक समजून घ्यायला केंब्रिजइतके चांगले गाव नाही. फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी १९०१ मध्ये इथे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वेगळे काढले. पुढे त्यांनी आणि एडिथ विलकॉक यांनी उंदरांना प्रथिन म्हणून फक्त मक्यातले झाइन दिले. प्रथिन भरपूर, पण उंदीर मेले, कारण झाइनमध्ये ट्रिप्टोफॅन नसते; ते वरून घातल्यावर उंदीर जास्त दिवस जगले. १९१२ च्या हॉपकिन्स यांच्या प्रसिद्ध निबंधात शुद्ध केसीन, स्टार्च, चरबी आणि क्षार यांवर वाढ खुंटलेले उंदीर दिवसाकाठी दोन-तीन मिलिलिटर दुधाने वाढू लागलेले दिसतात. जीवनसत्त्वांची कल्पना पक्की होण्यात या निबंधाचा मोठा वाटा आहे, आणि १९२९ च्या नोबेलमागेही तोच आहे. आजच्या कोरड्या मार्जारखाद्यात 'मेझ ग्लुटेन' दिसले की मला ते उंदीर आठवतात. मका विष आहे असे नाही. त्याच्या प्रथिनातली उणीव दुसऱ्या प्रथिनाने भरून निघते. ती भरून काढली आहे का, हा खरा प्रश्न, आणि यादीत त्याचे उत्तर नसते.

दुसरा धडा रॉबर्ट मॅकॅन्स आणि एल्सी विडोसन यांचा. विडोसनबाईंनी मॅकॅन्स यांना फळांतल्या साखरेचे त्यांचे आकडे चुकल्याचे दाखवून दिले आणि तिथून त्यांची जन्मभराची भागीदारी सुरू झाली. १९३८ मध्ये दोघे केंब्रिजला आले आणि १९४० मध्ये त्यांचे अन्नघटकांचे कोष्टक छापले गेले. अन्न कच्चे असताना आणि शिजल्यावर, अशा दोन्ही अवस्थांत त्यांनी ते तपासले होते. मांजराच्या डब्याबाबत हाच भेद निर्णायक ठरतो. त्याकडे पुढे येऊच.

तिसरे नाव आपल्या घरचे. दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहीण कमला भागवत, म्हणजेच पुढच्या कमला सोहोनी, १९३७ मध्ये केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात आल्या, हॉपकिन्स यांच्या विभागात काम केले आणि वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी वरच्या संशोधनासाठी १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. हे त्यांच्या चरित्रात सगळीकडे येते. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांचे मुंबईतले पुढचे काम. १९५० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाल, डबल बी अशा कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणारे पदार्थ शोधले. म्हणजे कागदावर प्रथिन आहे, पोटात गेल्यावर मात्र त्याच दाण्यातले दुसरे द्रव्य ते पचू देत नाही. नीट शिजवले की हा अडथळा बराचसा जातो. आज 'ग्रेन-फ्री' म्हणून मिरवणाऱ्या पाकिटांत मटार, मसूर आणि हरभरा ठासून भरलेले असतात. अशा खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली. कार्यकारण सिद्ध झाले नाही, पण धान्य काढले म्हणजे प्रश्न सुटला हा भाबडेपणा तरी संपला. सोहोनीबाई पुढे कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियात सक्रिय होत्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकांसाठी लिहीत. प्रयोगशाळेपासून वाण्याच्या दुकानापर्यंतचा हा रस्ता आपल्या विषयाचाही आहे.

आता मांजर. कुत्र्याचे खाद्य मांजराला का चालत नाही, याची बहुतेक कारणे गेल्या पन्नासेक वर्षांतच उलगडली. गाजर-भोपळ्यातल्या बीटा-कॅरोटीनपासून 'अ' जीवनसत्त्व तयार करणे मांजराला जमत नाही, त्यामुळे पाकिटावरचे गाजर हे गिऱ्हाइकासाठी असते. वनस्पती तेलातून अ‍ॅराकिडोनिक आम्ल पुरेसे बनवणे त्याला जमत नाही, हे १९७५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवले. आर्जिनिन नसलेल्या एकाच जेवणाने त्याच्या रक्तात काही तासांत अमोनिया चढतो, हे १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात दिसले. गोड चव तर त्याला कळतच नाही. ती ओळखणारे जनुक मोडीत निघाले आहे, हे २००५ मध्ये समजले. मग डब्यात साखर कशाला? बरेचदा रश्शाला रंग यावा म्हणून, तोही तुमच्या-माझ्या डोळ्यांसाठी.

सगळ्यांत बोधप्रद कथा टॉरिनची. टॉरिन कमी पडले की मांजराचे दृष्टिपटल झिजते, हे १९७५ मध्ये कळले होते, आणि त्यानुसार किमान प्रमाणही ठरले होते. तरी १९८७ मध्ये डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की बाजारातले खाद्य खाणाऱ्या मांजरांची हृदये ताणून निकामी होत होती, आणि रक्तात टॉरिन तुटपुंजे होते. टॉरिन दिल्यावर हृदये सुधारली. त्या खाद्यांच्या यादीत मांस आणि मासे होतेच. मग उणीव कुठून आली? डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने अन्नाचे रूप असे बदलते, की आतड्यातले जंतू जास्त टॉरिन फस्त करतात. म्हणून अमेरिकी मानकात कोरड्या खाद्याला ०.१ टक्का टॉरिन पुरते, तर डब्यातल्या खाद्याला ०.२ टक्के लागते. दोन्ही आकडे पाणी वगळून. घटक तेच असले तरी कृती बदलली की पोटात पडणारे बदलते, हे स्वयंपाक करणाऱ्याला निराळे सांगायला नको.

तर यादी वाचायची कशी? आधी तिच्या वरचा एक शब्द शोधावा : 'कम्प्लीट' की 'कॉम्प्लिमेंटरी'. पहिल्याचा अर्थ, एवढ्यावर मांजर जगू शकेल. दुसऱ्याचा अर्थ, हे तोंडी लावणे आहे. निव्वळ ट्यूना किंवा कोंबडीच्या छातीचे सुंदर तुकडे असलेले महागडे डबे अनेकदा दुसऱ्या प्रकारचे असतात, आणि माणसाला तेच सर्वांत अस्सल वाटतात.

मग आकडेमोड. ओल्या डब्यावर प्रथिन १० टक्के आणि कोरड्या पाकिटावर ३२ टक्के लिहिलेले असते, म्हणून कोरडे सरस ठरत नाही. डब्यात ८० टक्के पाणी; उरलेल्या २० भागांत १० प्रथिन, म्हणजे ५० टक्के. कोरड्यात सुमारे ८ टक्के पाणी. ३२ भागिले ९२, म्हणजे जवळपास ३५. पिष्टाचा आकडा छापण्याची सक्ती नाही, पण शंभरातून पाणी, प्रथिन, चरबी, तंतू आणि राख वजा केली की तो हाती येतो. 'क्रूड अ‍ॅश' वाचून दचकू नये. कोणी राख मिसळलेली नसते. नमुना जाळल्यावर जी खनिजे उरतात त्यांचे ते माप.

घटकांचा क्रम वजनावर असतो, आणि वजन मिसळतानाचे. 'ताजी कोंबडी २६ टक्के' पहिल्या क्रमांकावर असली, तरी तिच्यात सत्तर टक्के पाणी; ते उडाले की आठेक भाग उरतात. खाली मटार, मटार-स्टार्च, मटार-प्रथिन आणि मटार-तंतू असे चार घटक पांगलेले असतील तर त्यांची बेरीज करून पाहावी.

'प्राणिजन्य पदार्थ' या शब्दांचा धाक मात्र मला अनाठायी वाटतो. वजडी आणि मुंडी चवीने खाणाऱ्या मुलखातल्या वाचकाने तरी यकृत, हृदय, फुप्फुस यांना नाक मुरडू नये. हृदयात टॉरिन छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा पुष्कळ जास्त असते. (नुसत्या कलेजीवर वाढवलेल्या मांजराला 'अ' जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने मानेचे मणके जुळण्याचा विकार होतो, हेही खरे.) भीतीमागे इतिहास आहे. १९९० मध्ये ब्रिस्टलच्या एका सयामी मांजराला गायींच्या मेंदूरोगासारखा रोग झाल्याचे निदान झाले आणि पुढे ब्रिटनमध्ये अशी सुमारे नव्वद प्रकरणे नोंदली गेली. त्यानंतर नियम आवळले गेले. आज इथे पाळीव प्राण्यांच्या खाद्यात जाणारे कत्तलखान्यातले अवशेष माणसांच्या खाण्यास योग्य ठरलेल्या जनावरांचेच असावे लागतात.

यादीला जे ठाऊकच नसते ते वेगळे. प्रथिन मोजताना योहान केल्दाल यांच्या १८८३ च्या पद्धतीने नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात. २००७ मध्ये चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये नेमका याचाच फायदा घेऊन मेलामाइन मिसळले गेले होते. त्याच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. अमेरिकेत मांजरे-कुत्री मूत्रपिंड बंद पडून मेली. यादीवर 'गव्हाचे ग्लुटेन' असेच छापलेले होते. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये शेकडो मांजरांच्या रक्तातल्या सर्व प्रकारच्या पेशी घटल्या आणि त्यांतली निम्म्याहून अधिक दगावली. काही कोरडी खाद्ये बाजारातून परत घेतली गेली, काही नमुन्यांत बुरशीची विषे सापडली, पण नेमके कारण निर्विवाद ठरले नाही. म्हणून कंपनीला पत्र लिहून विचारावे : मिश्रण कोणी आखले, ते मांजरांना खाऊ घालून पाहिले की फक्त कागदावर जुळवले, कच्च्या मालात बुरशीची विषे तपासता का, टॉरिन किती. चांगल्या कंपन्या आकडे देतात.

मराठी घरांतल्या मांजरांचा पिढीजात आहार दूधभात, पोळीचा कुस्करा आणि किनाऱ्यावर मांदेली-बांगड्याची डोकी. त्यावर ती जगत, कारण उरलेली भर घरातले उंदीर, पाली नि चिमण्या घालत. खिडकीला जाळी लावलेल्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये किंवा केंब्रिजच्या भाड्याच्या खोलीत ती भर नाही. मोठ्या मांजरांना दुधातली साखर बहुधा पचतही नाही. शाकाहारी घरांत विचारतात, की टॉरिन कारखान्यात बनते तर मांसाशिवाय चालणार नाही का? तत्त्वतः चालेल. टॉरिन, अ‍ॅराकिडोनिक आम्ल, 'अ' जीवनसत्त्व सगळे वरून घालता येते. पण चुकीला जागा फार थोडी आहे आणि लघवीचा आम्लपणा घटून खडे होण्याची शक्यता वाढते. हा प्रयोग पशुवैद्याच्या देखरेखीशिवाय करू नये, असे माझे मत आहे.

हे वाचून कोणी आजच खाद्य बदलायला निघेल, त्याच्यासाठी एक सूचना. नवे खाणे जुन्यात थोडे थोडे मिसळत आठ-दहा दिवसांत बदलावे. 'भूक लागली की खाईल मुकाट्याने' हा हट्ट मांजराशी करू नये. चोवीस तासांहून जास्त काळ काहीच न खाल्लेले मांजर, त्यातही लठ्ठ असलेले, यकृतात चरबी साचून गंभीर आजारी पडू शकते. तसे झाले तर वाचन बाजूला ठेवून त्याला लगेच डॉक्टरकडे न्यावे.