काट्यापासून आकड्यापर्यंत: स्वस्त मल्टीमीटरमागील दोनशे वर्षे

१/ काही शे रुपयांना मिळणाऱ्या पिवळ्या डिजिटल मल्टीमीटरची अचूकता पाहून १९व्या शतकातील एखाद्या प्रयोगशाळेलाही हेवा वाटला असता. तरीही अनुभवी वायरमन हाच मीटर मेन स्विचजवळ नेण्याचे टाळतो. या विसंगतीचा उलगडा विद्युतमापनाच्या इतिहासात होतो. घरासाठी वा गाडीसाठी पहिला मीटर घेऊ पाहणाऱ्याने तो जाणून घ्यावा असा आहे.

२/ आरंभ १८२० सालचा. कोपनहेगन येथे हान्स क्रिस्तियान ओर्स्टेड यांनी दाखवून दिले, की तारेतून विद्युतधारा वाहू लागली की शेजारच्या होकायंत्राची सूची विचलित होते. त्याच वर्षी जर्मनीत योहान श्वाइगर यांनी तारेची अनेक वेटोळी घालून हा परिणाम कितीतरी पटींनी वाढवला. अदृश्य विजेला प्रथमच एक दृश्य काटा लाभला. हाच गॅल्व्हानोमीटर. १८२७ मध्ये गेऑर्ग ओहम यांनी दाब, धारा आणि रोध यांचे नाते मांडले.

३/ मोजमापाकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, याचा धडा १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी मिळाला. युरोप आणि अमेरिका यांना जोडणारी पहिली तारायंत्राची केबल ऑगस्टमध्ये कार्यान्वित झाली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, अत्यल्प धारा आणि संवेदनशील आरसा-गॅल्व्हानोमीटर यांचा आग्रह धरत होते. वाइल्डमन व्हाइटहाउस यांचा भर मात्र उच्च दाबावर होता.

४/ आधीच सदोष असलेल्या त्या केबलवर व्हाइटहाउस यांनी सुमारे २,००० व्होल्टचा दाब लावला. काही आठवड्यांतच केबल मूक झाली. वेष्टन किती दाब सोसते हा प्रश्न किती महाग पडू शकतो, हे त्या एका घटनेने दाखवले. तोच प्रश्न या कथेच्या शेवटी पुन्हा भेटणार आहे.

५/ १८८१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने व्होल्ट, अँपिअर आणि ओहम या एककांना मान्यता दिली. लगेच १८८२ मध्ये देप्रे आणि द'आर्सोंव्हाल यांनी स्थिर चुंबकाच्या क्षेत्रात फिरणाऱ्या वेटोळ्याचा गॅल्व्हानोमीटर सिद्ध केला. १८८८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी त्याच तत्त्वावर सहज नेता येणारी आणि थेट वाचता येणारी मापके बनवली. प्रयोगशाळेतले यंत्र आता कामगाराच्या हाती आले.

६/ परंतु अडचण उरली होती. व्होल्टसाठी एक यंत्र, अँपिअरसाठी दुसरे, ओहमसाठी तिसरे. ब्रिटिश पोस्ट खात्यातील अभियंता डोनाल्ड मकेडी हा भार वाहून कंटाळले आणि त्यांनी तिन्ही मापे एका पेटीत आणली. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले ‘ॲव्हो’. १९२३ मध्ये ती बाजारात आली. पुढे तिच्याच वंशातील ‘मॉडेल ८’ चे उत्पादन थेट २००८ पर्यंत चालू राहिले.

७/ एकाच काट्याने तीन राशी कशा मोजल्या? दाब मोजताना वेटोळ्याशी मोठा रोध एकसरीत जोडला जातो. धारा मोजताना समांतर जोडलेला अगदी छोटा रोध बहुतांश धारा स्वतःकडे वळवतो. रोध मोजताना पेटीतील बॅटरी स्वतःची धारा सोडते. आजच्या डिजिटल मीटरची फिरती खटकी याच तीन युक्त्यांमध्ये निवड करते. काट्याची जागा आकड्यांनी घेतली, एवढेच.

८/ दुसऱ्या युक्तीत एक धोका दडलेला आहे. धारा मोजण्याच्या स्थितीत मीटरचा अंतर्गत रोध जवळजवळ शून्य असतो. लाल प्रोब अँपिअरच्या छिद्रात राहून गेला आणि तोच प्लग पॉइंटमध्ये घातला, तर मीटर म्हणजे निव्वळ शॉर्टसर्किट. या विसराळूपणाची जाण जुन्या निर्मात्यांना होती. म्हणूनच पुढील ॲव्हो मीटरांत काटा जोराने टोकाला आदळताच परिपथ तोडणारी यांत्रिक कळ बसवली गेली.

९/ १९५० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात अँड्र्यू के यांनी डिजिटल व्होल्टमीटर तयार केला. आरंभीची ही यंत्रे मोठी आणि महाग होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. इंटरसिल कंपनीच्या आयसीएल ७१०६ या एकाच चिपने दाबाचे अंकांत रूपांतर करणे आणि एलसीडी पडदा चालवणे ही दोन्ही कामे ९ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर साधली. आजचे स्वस्त मीटर त्याच घराण्यातले.

१०/ त्यामुळे आकडा स्वस्त झाला. साडेतीन अंकी मीटर १९९९ पर्यंत मोजतो. २० व्होल्टच्या पट्टीवर गाडीची बॅटरी तो ०.०१ व्होल्टपर्यंत वाचतो. विश्रांतीतील पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले, तर अल्टरनेटर काम करत आहे. एवढ्यासाठी साधा मीटर पुरतो. मात्र स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो. तो १० अँपिअरच्या छिद्रातून मोजू पाहणे म्हणजे मीटर जाळणे.

११/ स्वस्त झाले नाही ते संरक्षण. अनेक स्वस्त मीटरांवर १० अँपिअरच्या छिद्राशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असे छापलेले असते, म्हणजे त्या मार्गावर फ्यूजच नाही. चांगल्या मीटरमध्ये तेथे वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज असतो. मोठी धारा आल्यास तो आतल्या आत ठिणगी विझवतो. काचेच्या साध्या फ्यूजला ते नेहमी साधत नाही.

१२/ आणि येथे अटलांटिकचा प्रश्न परत येतो. वीज कोसळली किंवा मोठी मोटर बंद झाली, की २३० व्होल्टच्या वाहिनीत क्षणभर हजारो व्होल्टची लाट येऊ शकते. मीटरचे वेष्टन ती सोसेल काय? यासाठी आयईसी ६१०१० हे मानक ‘कॅट’ वर्ग ठरवते. कॅट २ प्लग पॉइंटवरील उपकरणांसाठी, कॅट ३ वितरण पेटी व घराच्या कायम वायरिंगसाठी, कॅट ४ इमारतीत येणाऱ्या मुख्य वाहिनीसाठी.

१३/ येथे केवळ व्होल्टचा आकडा फसवतो. कॅट २ – १००० व्होल्ट आणि कॅट ३ – ६०० व्होल्ट या दोन्ही मीटरांची चाचणी ६,००० व्होल्टच्या लाटेने होते. पण कॅट ३ साठी त्या लाटेमागील स्रोताचा रोध २ ओहम धरतात, कॅट २ साठी १२ ओहम. अर्थात कॅट ३ मीटरला सहापट धारेचा आघात पेलावा लागतो. ‘१०००’ हा मोठा आकडा पाहून वितरण पेटीसाठी कॅट २ निवडणे ही चूक ठरते.

१४/ इन्व्हर्टर असलेल्या घरांसाठी आणखी एक बाब. साधा मीटर सरासरी मोजून तिला १.११ ने गुणतो. हे गणित शुद्ध साइन तरंगापुरतेच खरे. चौरस तरंग देणाऱ्या इन्व्हर्टरवर तो सुमारे ११ टक्के अधिक दाखवतो. तेथे ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेला मीटर हवा.

१५/ तेव्हा गाडीची १२ व्होल्टची बॅटरी, सेल आणि तुटलेली तार यांसाठी साधा मीटर पुरेसा आहे. घराच्या वायरिंगला हात घालायचा असेल, तर नामांकित प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र असलेला कॅट ३ – ६०० व्होल्ट मीटर, दोन्ही अँपिअर मार्गांवर फ्यूज आणि त्याच वर्गाचे प्रोब पाहावेत. पैसे कमी असतील तर वारंवारता, तापमान अशा जादा पट्ट्या सोडाव्यात, फ्यूज सोडू नये. मकेडींनी तीन यंत्रांचा भार एका पेटीत आणला. ती पेटी हातात धरणाऱ्याचे रक्षण करणे हा त्या शोधाचाच उरलेला अर्धा भाग आहे.