महसिराचे स्थलांतर : लोणावळे ते कावेरी

मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची पाहणी करीत असता विल्यम हेन्री सायक्स याने येथील नद्यांतील माशांचीही नोंद केली. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वर्णनात पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेला एक महसीर आहे. त्यास त्याने 'खुद्री' हे नाव दिले. लोकांच्या तोंडची नावे शास्त्रीय नामावलीत तशीच ठेवण्याकडे त्याचा कल होता; 'कोळस' व 'पोटील' हीही त्याच यादीतील.

पुढे धरणे, दूषित पाणी व सुरुंगाची मासेमारी यांमुळे हा मासा दुर्मिळ होऊ लागला. १९७० च्या सुमारास लोणावळ्यास टाटा वीज कंपन्यांच्या मत्स्यकेंद्रात सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी त्याचे कृत्रिम प्रजनन साधले. हे कार्य थोर होते, यात शंका नाही. तेथील बीज अन्य राज्यांस पाठविले गेले आणि ते कावेरीतही सोडण्यात आले.

कावेरीत मात्र महसिराची एक स्वतंत्र जात पूर्वीपासून होती. तिच्या पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असतो. १९४६ मध्ये कबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा विख्यात महसीर याच जातीचा मानला जातो. एवढी कीर्ती असूनही तिचे शास्त्रीय नाव २०१८ पर्यंत निश्चित झालेले नव्हते. त्या वर्षी केरळातील पांबार नदीतून पूर्वीच वर्णिलेल्या 'टॉर रेमादेवी' या जातीशी तिचे ऐक्य सिद्ध झाले. तोवर सर्व महसीर व्यवहारात एकच गणले जात. बीज सोडणाऱ्यांच्या दृष्टीने ते 'महसीर' महसिराच्याच नदीत जात होते.

या घटनेचे मुख्य साधन सरकारी दप्तरात नाही. मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या शौकिनांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी हे ते साधन होय. त्यांवरील अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. खुद्रीची संख्या झपाट्याने वाढत गेली. वशिंडी महसीर उत्तरोत्तर कमी, पण अधिक वजनाचे मिळू लागले. जुने मासे तेवढे उरले होते, नवी पिढी येत नव्हती, असाच याचा अर्थ लागतो. तथापि सर्व दोष खुद्रीच्या माथी मारणे युक्त नव्हे. कावेरीवरील बंधारे, वाळूउपसा व सुरुंग यांचा वाटा या नोंदींवरून वेगळा काढता येत नाही.

परका मासा म्हणजे परदेशी मासा, ही समजूत या प्रकरणात टिकत नाही. १९५२ मध्ये भारतात आलेल्या तिलापियाकडे संशयाने पाहिले जाते. उलट गंगेच्या खोऱ्यातील कटला, रोहू व मृगळ विदर्भातील तलावांत 'देशी' म्हणूनच सोडले जातात. नदीखोऱ्यांच्या सीमा राज्यकारभाराच्या सीमांशी जुळत नाहीत.

२०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने कावेरीच्या महसिरास अतिसंकटग्रस्त ठरविले. त्याच वर्षीच्या फेरमूल्यांकनात खुद्रीचे नाव संकटग्रस्तांच्या वर्गातून वगळण्यात आले.