काळाचा उतारा

धान्याच्या कोठारांचा हिशेब ठेवणाऱ्या एका सरकारी कचेरीत माझी पहिली नेमणूक झाली ती २०१४ साली, पंजाबात. गव्हाच्या थप्प्यांना कीड लागू नये म्हणून ज्या गोळ्यांची धुरी देतात, त्यांच्या आवकजावकीचे रजिस्टर माझ्याकडे असे. ‘ॲल्युमिनियम फॉस्फाइड’ हे नाव मी रोज लिहीत होतो. पण त्या नावात काय दडले आहे याची जाणीव मला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात झाली. कोठारावरील एका हमालाच्या तरुण मुलाने घरच्या धान्यासाठी आणून ठेवलेले हेच औषध पोटात घेतले. कारण काय ते कोणी नीट सांगितले नाही. जिल्ह्याच्या गावच्या इस्पितळात त्याच्या बापासोबत मी रात्रभर बसून होतो. मुलगा पूर्ण शुद्धीवर होता. तो पाणी मागत होता, बापाची क्षमा मागत होता, आणि आपल्याला वाचवा म्हणून विनवीत होता. नाडी मात्र हाताला लागत नव्हती. ‘या विषाला उतारा नाही,’ असे डॉक्टरांनी सांगितले. त्यावर बाप माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बाबूजी, कहीं और ले चलें?’ मी निरुत्तर झालो. पहाटेच्या सुमारास मुलाचे हृदय थांबले.

डॉक्टरांचे वाक्य खोटे नव्हते. त्या विषावर खरोखरच उतारा नव्हता, आणि अद्यापही नाही. परंतु ते वाक्य अपुरे होते, हे मला पुढे काही वर्षांनी वाचनातून कळले. ते वाक्य कोठे अपुरे पडते, हे सांगावे एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

विष म्हटले की आपल्या मनात प्रथम उताऱ्याचीच कल्पना येते. आयुर्वेदाच्या आठ अंगांत अगदतंत्र म्हणून विषचिकित्सेचे एक स्वतंत्र अंगच आहे. प्रत्येक विषाला मारणारे दुसरे काहीतरी द्रव्य असलेच पाहिजे, ते शोधून काढले की काम झाले, ही श्रद्धा वैद्याची, तशीच गारुड्याचीही. पाश्चात्य वैद्यकही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतांशी याच श्रद्धेवर चालत होते. झोपेच्या औषधांचा, म्हणजे बार्बिट्युरेटांचा, अतिरेक होऊन बेशुद्ध पडलेल्या माणसाला उत्तेजक औषधे टोचून जागे करण्याचा अट्टाहास तेव्हाचे डॉक्टर करीत. निजलेल्याला हलवून उठवावे तसाच हा प्रकार. विषाला ढकलण्याच्या या खटपटीत रोगीच अनेकदा दगावे.

कोपनहेगन येथे १९४९ साली विषबाधेच्या रोग्यांसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. कार्ल क्लेमेसेन आणि एरिक निल्सन या डॉक्टरांनी तेथे एक साधीच गोष्ट केली : उत्तेजके बंद केली. रोग्याची श्वासनलिका मोकळी ठेवावी, श्वास व रक्तदाब सांभाळावा, शुश्रूषेत खंड पडू देऊ नये, आणि शरीर आपल्या गतीने विष बाहेर टाकील तोवर धीर धरावा, एवढाच त्यांचा उपचार. पूर्वी अशा रोग्यांपैकी शेकडा वीसच्या आसपास मरत. ते प्रमाण शेकडा एकदोनावर आले. ही रीत पुढे ‘स्कँडिनेव्हियन पद्धती’ म्हणून प्रसिद्ध झाली. विषाशी झुंजण्यापेक्षा जीव धरून ठेवणे श्रेयस्कर, हा धडा तिने घालून दिला. परंतु जेथे विष हृदयावरच घाला घालते, तेथे जीव धरून ठेवायचा तो कशाने? याचे उत्तर कोपनहेगनपाशी नव्हते. ते दुसऱ्याच एका वाटेने येत होते.

ती वाट फार जुनी. हृदयाच्या ऐवजी बाहेरून शुद्ध रक्त सतत पुरविता आले तर शरीराचा कोणताही भाग जिवंत ठेवता येईल, असे ल गालवा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८१२ सालीच लिहून ठेवले होते. पण शरीराबाहेर काढलेले रक्त गोठते, ही पहिली अडचण. बॉल्टिमोर येथे १९१३ मध्ये जॉन एबल यांनी कुत्र्याचे रक्त बाहेर नळ्यांतून खेळवून त्यातील सॅलिसिलेट हे औषधी द्रव्य गाळून काढले, तेव्हा रक्त पातळ ठेवण्यासाठी त्यांना जळवांच्या अर्काचा आधार घ्यावा लागला. पुढे तीनच वर्षांनी, १९१६ मध्ये, त्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतात रक्त गोठू न देणारे एक द्रव्य आढळले. तेच पुढे हेपॅरिन या नावाने ओळखले जाऊ लागले.

दुसरा अध्याय एका रात्रीच्या जागरणातून सुरू होतो. १९३०-३१च्या सुमारास बोस्टनच्या इस्पितळात जॉन गिबन हे तरुण डॉक्टर एका स्त्रीच्या उशाशी रात्रभर बसून होते. तिच्या फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली होती. तिची नाडी मंद होत चाललेली आणि रक्त काळवंडत चाललेले पाहण्यावाचून त्यांच्या हाती काही नव्हते. सकाळी शस्त्रक्रिया झाली. ती वाचली नाही. हे काळे रक्त बाहेर काढून, त्याला प्राणवायू देऊन, तांबडे करून परत शरीरात सोडता आले असते तर? त्या रात्री पडलेल्या या प्रश्नाने गिबन यांची पुढची सुमारे वीस वर्षे घेतली. पत्नी मेरी त्यांच्या प्रयोगशाळेतील सहकारी होत्या. प्रारंभीचे प्रयोग मांजरांवर झाले. अखेर ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र शिवले जात असता या यंत्राने सव्वीस मिनिटे तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे काम पाहिले. ती मुलगी बरी झाली. त्यानंतरचे रोगी मात्र दगावले आणि गिबन यांनी स्वतः त्या यंत्राचा वापर थांबविला. पण इतरांनी ते काम पुढे नेले.

शस्त्रक्रियेपुरती तासाभराची सोय झाली, तरी दिवसांची गोष्ट दूर होती. कारण त्या यंत्रांत रक्त आणि प्राणवायू यांचा प्रत्यक्ष स्पर्श होई आणि काही तासांत रक्तपेशींची नासाडी होई. शरीरात मात्र तसे होत नाही. फुप्फुसात रक्त आणि हवा यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. नाझींनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ हे डॉक्टर सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून कृत्रिम मूत्रपिंड बनवीत होते. काळसर रक्त त्या नळीतून जाता जाता तांबडे होते, असे त्यांच्या लक्षात आले. पडद्याआडूनही प्राणवायू रक्तात शिरतो, हा त्याचा अर्थ. याच तत्त्वावर पुढे सिलिकोन रबराच्या पडद्याची कृत्रिम फुप्फुसे तयार झाली. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात डोनाल्ड हिल यांनी अपघातात जबर जखमी झालेल्या चोवीस वर्षांच्या तरुणाला अशा यंत्रावर पंचाहत्तर तास ठेवून वाचविले. १९७५ मध्ये त्याच राज्यात रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला जगविले. तिची आई तिला सोडून गेली होती; परिचारिकांनी तिचे नाव एस्पेरांझा, म्हणजे आशा, असे ठेवले. सव्वीस मिनिटांवरून पंचाहत्तर तास! या यंत्राचा सारा इतिहास म्हणजे काळाची मुदत वाढवून घेण्याचा इतिहास आहे.

या प्रगतीला खीळही बसली. अमेरिकेत प्रौढ रोग्यांवर जी पद्धतशीर परीक्षा झाली, तिचा निकाल १९७९ साली प्रसिद्ध झाला. यंत्रावर ठेवलेले आणि न ठेवलेले, दोन्ही गटांतील दहांपैकी नऊ रोगी मेले होते. ज्यांची फुप्फुसे कायमची निकामी झाली आहेत, त्यांना नुसता काळ देऊन काय उपयोग? कर्जाची मुदत वाढवून मिळाली तरी ज्याच्यापाशी पुढे येणे काहीच नाही, त्याचे दिवाळे निघणारच.

विषबाधेचा रोगी या यंत्राला इतका अनुरूप का, याचे उत्तर येथेच आहे. त्याच्यापाशी पुढचे येणे असते. त्याचे हृदय पुष्कळदा निरोगी आणि तरुण असते. विषाने ते केवळ जखडलेले असते. विष ओसरले की ते पुन्हा पूर्ववत चालू लागते. मांडीच्या शिरेतून काळे रक्त ओढून घ्यावे, पंपाने ते कृत्रिम फुप्फुसातून न्यावे आणि तांबडे करून धमनीत सोडावे. हृदय तोवर विश्रांती घेते, आणि यकृत व मूत्रपिंडे यांना रक्त मिळत राहिल्याने ती विषाचा निचरा करीत राहतात. कोपनहेगनचा धीर आणि गिबन यांचे यंत्र यांचा संगम झाला तो असा. फ्रान्समधील डॉक्टरांनी औषधांच्या तीव्र विषबाधेने आलेल्या बासष्ट रोग्यांचा वृत्तांत २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. यंत्रावर ठेवलेल्या चौदांपैकी बारा वाचले. नेहमीच्या उपचारांच्या अठ्ठेचाळीसांपैकी तेवीस.

आणि आता पुन्हा पंजाब. धुरीच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायू पेशींची प्राणवायू वापरण्याची शक्तीच अडवून धरतो. हृदयाचा स्नायू त्यामुळे लुळा पडतो. मात्र जो रोगी पहिले काही दिवस काढतो, त्याचे हृदय सावरू शकते. लुधियान्याच्या दयानंद वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी ही गोष्ट हेरून अशा रोग्यांना यंत्राचा आधार दिला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतात अत्यंत गंभीर अशा पंचेचाळीस रोग्यांची हकीकत आहे. त्यांतील पंधरांना यंत्रावर ठेवले होते. त्यांपैकी दहा वाचले. उरलेल्या तिसांपैकी वाचले ते अवघे चार. हे रोगी २०११ ते २०१४ या वर्षांतले. ज्या बाकावर आम्ही दोघे बसलो होतो, तेथून लुधियाना मोटारीने दोन तासांच्या अंतरावर होते.

या आकड्यांनी हुरळून जाऊ नये, हेही खरे. रोग्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, आणि संख्याही लहान. यंत्राच्या नळ्यांपायी रक्तस्राव होतो, पायाचा रक्तपुरवठा तुटतो. ते चालविणारी मंडळी रात्रंदिवस हजर असावी लागतात, खर्च हमालाच्या ऐपतीबाहेरचा असतो, आणि रोगी वेळेवर पोचावा लागतो. पॅराक्वाटसारखे तणनाशक फुप्फुसांचा कायमचा नाश करते. तेथे नुसती उसंत मिळून भागत नाही. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांवर ॲट्रोपीन आहे. तेथे प्रथम तेच दिले पाहिजे. आणि सर्वांत स्वस्त उपाय अद्याप तोच, जो माझ्या कचेरीच्या नियमात लिहिलेला होता : औषध कुलपात ठेवणे.

‘ज्याला मरायचेच आहे, त्याच्यावर एवढा खर्च कशाला?’ असे शहाणे लोक विचारतात; मी ते कचेरीत चहाच्या वेळी ऐकले आहे. त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हे अनेक देशांतील पाहणीत दिसून आले आहे. दुसरी गोष्ट पाहणीतली नव्हे. तो मुलगा संध्याकाळी मरू पाहत होता. रात्री दहा वाजता तो जगू पाहत होता. त्या दोन इच्छांमध्ये काही तासांचेच अंतर होते. त्याला हवा होता तो उतारा त्या तासांचाच.

पुढे माझी बदली झाली. रजिस्टर दुसऱ्याच्या हाती गेले. परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणा मंडळींना असे प्रसंग केव्हा ना केव्हा येतातच : शेजारी कोणी तरी रडत येतो, आणि आपण चार बुके शिकलेले सरकारी माणूस म्हणून आपल्या तोंडाकडे पाहतो. म्हणून आता ज्या गावी बदली होते, तेथे बिऱ्हाड लावताना मी एक चौकशी आधी करतो. असे यंत्र असलेले सर्वांत जवळचे इस्पितळ कोणते, आणि रात्री तेथवर जायला किती वेळ लागतो. ते मी दैनंदिनीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो. ‘कहीं और ले चलें?’ असे पुन्हा कोणी विचारले, तर या वेळी मला गावाचे नाव सांगता यावे.