रानबदकांची छबी: पनवेल खाडीकाठचा इतिहास

करंजाडे हे पनवेलजवळचे, सिडकोने वसवलेले उपनगर. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. त्याआधी गाढी नदी आणि पनवेल खाडीच्या या भागात भातखाचरे, खारफुटी आणि चिखलाचे पट्टे यांचेच राज्य होते. अशा उथळ पाण्यात रानबदके उतरतात. हळदी-कुंकू आणि अडई ही बदके इथलीच, तर थापट्या, तलवार बदक आणि चक्रांग हे थंडीचे पाहुणे. या पक्ष्यांचे छायाचित्र काढणे ही कला मात्र फार उशिरा साधली.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्येच उभी राहिली होती. तरीही पुढची अनेक दशके बदके कॅमेऱ्यात नव्हे, बंदुकीच्या टप्प्यात येत राहिली. ह्यूम आणि मार्शल यांचे शिकारीच्या पक्ष्यांवरील ग्रंथ (१८७९-८१) किंवा स्टुअर्ट बेकर यांचे भारतीय बदकांवरील पुस्तक (१९०८) यांत रंगीत चित्रे आहेत. ती कुंचल्याने काढलेली. काचेच्या प्लेटवर उडता पक्षी पकडणे दुरापास्त होते.

इंग्लंडमध्ये कीर्टन बंधूंनी १८९०च्या दशकात घरट्याजवळ दबा धरून छायाचित्रे घेण्याची वाट पाडली. भारतात पक्षी-छायाचित्रकार लोथर यांनी हीच पद्धत वर्षानुवर्षे वापरली. त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये निघाले. पण बदकांपुढे ही युक्ती थिटी पडली. पाहुणी बदके इथे घरटी करतच नाहीत. ती उत्तरेकडे वीण आटोपून येतात. इथे वीण करणारा हळदी-कुंकू घरटे गवतात दडवतो, अडई कधी झाडाच्या ढोलीतही अंडी घालते. घरट्यापाशी कॅमेरा लावून बसण्याची सोय जवळपास नाही. म्हणून बदकांच्या छायाचित्रणाला लांब पल्ल्याचे भिंग आणि जलद फिल्म यांची वाट पाहावी लागली.

रंगीत फिल्म आली तरी वेग तुटपुंजा होता. १९३५ची कोडाक्रोम अत्यंत मंद. १९७४ मध्ये आलेली ६४ वेगाची कोडाक्रोमही पहाटेच्या धूसर उजेडात अपुरीच पडे. अशा पारदर्शिकेत (स्लाइडमध्ये) नंतर फारसे काही सुधारता येत नसे, त्यामुळे उजेडाचा अंदाज जागच्या जागी अचूक लागावा लागे. कृष्णधवल छपाईत मात्र वाव होता: एन्लार्जरखाली हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा हलवून काळवंडलेले डोके उजळायचे, चकाकणारे पाणी दाबायचे. १९८०च्या दशकात भिंग बदलता येणारे, स्वयंचलित फोकसचे कॅमेरे रुळले, १९९०च्या दशकाच्या अखेरीस डिजिटल. दरम्यान १९७२चा वन्यजीव कायदा आणि १९९१ची दुरुस्ती यांनी शिकारीचे परवाने संपवले.

बदकाच्या छायाचित्राची खरी अडचण पाण्यात आहे. थापट्याच्या नराचे डोके गडद हिरवे, छाती पांढरी शुभ्र, भोवती आरशासारखे पाणी. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक त्या झगमगाटाला भुलतो आणि डोके काळे पडते. डोक्याची हिरवी झाक ही प्रकाशाच्या कोनावर अवलंबून असल्याने दुपारी ती विझते. शिवाय शरदात आलेले बरेच नर मादीसारखा भुरा पिसारा ल्यालेले असतात. खरा रंग हिवाळा पुढे सरकल्यावर खुलतो. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीची सकाळ, सूर्य पाठीशी आणि कॅमेरा पाण्याच्या पातळीला, हा जाणकारांचा सर्वात भरवशाचा बेत.

छायाचित्र सुधारण्याचे काम आता संगणकावर होते. फोटोशॉप १९९० मध्ये आले. रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइलमध्ये सावलीतला तपशील बऱ्यापैकी परत मिळवता येतो, क्षितिज सरळ करता येते, पाण्यावरची निळी झाक काढता येते. इथेच जपून चालावे लागते. नॉइज (दाणेदारपणा) पुसताना चक्रांगाच्या कुशीवरच्या केसासारख्या बारीक लहरी पुसल्या जातात. धार वाढवली की डोक्याभोवती पांढरी कडा उमटते. रंग गडद केला की हळदी-कुंकवाच्या चोचीच्या मुळाशी असलेला लाल ठिपका भडक होऊन आसपास पसरतो. याच ठिपक्याने आणि टोकाच्या पिवळ्या रंगाने पक्ष्याला नाव दिले आहे. पंखावरचा हिरवा वा निळा पट्टा बदलला, तर जातच चुकते. अलीकडची सॉफ्टवेअर पिसांचा पोत अंदाजाने भरतात. ते सौंदर्य असेल, नोंद नव्हे.

पनवेल-उरण पट्ट्याचे रूप बदलत असल्याने अशा नोंदीचे मोल वाढले आहे. उरणजवळच्या पाणजेसारख्या पाणथळी पक्ष्यांसाठी नावाजलेल्या आहेत. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले; त्याच्या बांधणीसाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. कोणते बदक कुठल्या तारखेला कुठे उतरले होते हे सांगणारी, पिसांचे रंग न बदललेली मूळ फाइल अशा ठिकाणी सुधारलेल्या प्रतीसोबत जपून ठेवायला हवी.